जादा तासाची यादी लावण्याआधी वही उघडा: सहावी ते आठवीच्या गणिताबद्दल मुख्याध्यापकांना खुलं पत्र

माननीय मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापनातील सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या घटक चाचणीचे गुण लागले की शाळेत एक सूचना फिरते. सहावी, सातवी आणि आठवीतल्या अमुक विद्यार्थ्यांनी उद्यापासून शाळा सुटल्यावर गणिताच्या जादा तासाला थांबायचं आहे. खाली नावांची यादी. मी गणित शिकवते आणि अशा याद्यांमधल्या मुलांना घेऊन बरीच वर्षं बसले आहे. जादा तास बंद करा, असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. ते वाढवा, त्यांना दिवसातली चांगली वेळ द्या, माणसं द्या, असंच माझं मागणं आहे. पण त्या तासात आज जे चालतं, म्हणजे वर्गात झालेलं प्रकरण पुन्हा एकदा, जरा मोठ्या आवाजात आणि जरा घाईत, त्यातून मूल सावरत नाही. सकाळी जिथे अडलं तिथेच ते संध्याकाळी पुन्हा अडतं.

हे मला उमगलं ते एका वजाबाकीमुळे. सातवीतला मुलगा. जादा तासाला मी पूर्णांक संख्यांचं प्रकरण पुन्हा घेत होते आणि हा शेवटच्या बाकावर बसून मुकाट्यानं फळ्यावरचं उतरवून घ्यायचा. एका उदाहरणात त्याला ४०२ मधून १७८ वजा करायचे होते. त्यानं लिहिलं ३७६. अशा उत्तरांवर मी कित्येक आठवडे लाल फुली मारून खाली 'लक्ष देऊन कर' असं लिहीत आले होते. त्या दिवशी कुणास ठाऊक का, त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, कसं केलंस ते बोलून दाखव. तो पेन्सिलीचं टोक एकेका अंकावर ठेवत सांगू लागला, "दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन. सहा. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य. सात. चारातून एक गेला, तीन." उत्तर सांगताना त्याच्या आवाजात जराही शंका नव्हती.

तो लक्ष देऊनच करत होता. त्याच्याकडे एक नियम होता आणि तो नियम तो इमानानं पाळत होता: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचा. याच नियमानं ५८६ मधून २४३ वजा केले की ३४३ हे बरोबर उत्तर येतं. म्हणजे हातचा घ्यावा न लागणारी सगळी उदाहरणं त्याची बरोबर येत आणि बाकीची चुकत. अर्धी बरोबर आल्यामुळे आपला नियम खोटा आहे, हे त्याला कधी कळलंच नाही. मलाही कळलं नाही. आम्ही दोघंही त्याला निष्काळजीपणा समजत राहिलो. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुका तपासून दाखवून दिलं होतं की यातल्या कित्येक चुका ठरावीक पद्धतीनं होतात. मुलाचा चुकीचा नियम एकदा ओळखला की पुढच्या उदाहरणात ते नेमकं कोणतं चुकीचं उत्तर काढेल, हेही आधी सांगता येतं. संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या दोषाला जो शब्द वापरतात, तोच 'बग' हा शब्द त्यांनी या चुकांना वापरला. ते वाचलं तेव्हा मला त्या वहीवरच्या माझ्याच लाल फुल्या आठवल्या.

आणि अशा मुलाला मी त्या संध्याकाळी उणे तीन वजा पाच शिकवत होते! दोनातून आठ काढायची वेळ आली की जो आठातून दोन काढून मोकळा होतो, त्याच्यासाठी शून्याच्या पलीकडे जाण्याचा रस्ताच बंद असतो. तो सातवीच्या प्रकरणात नापास झाला, पण त्याचा धागा तुटला होता तिसरीत.

सहावी ते आठवी हा टप्पा असा आहे की मागची सगळी उसनवारी इथे एकदम अंगावर येते. अपूर्णांकांची बेरीज घ्या. १/२ अधिक १/३ बरोबर २/५, हे उत्तर मी शेकडो वह्यांत पाहिलं आहे. वरचे वर मिळवले, खालचे खाली. आपण काय करतो, तर 'आधी समच्छेद करा' हा नियम दहाव्यांदा सांगतो. मूल मान डोलावतं, दोन उदाहरणं तशी करतं आणि आठवड्यानं पुन्हा २/५ लिहितं. एका मुलीला मी नियम सांगायचा नाही असं ठरवलं. सारख्या लांबीच्या कागदाच्या पट्ट्या दिल्या आणि अर्धा, एक तृतीयांश आणि दोन पंचमांश घड्या घालून रंगवायला सांगितलं. पाच सारखे भाग करताना तिची बरीच खटपट झाली, पट्टी दोनदा बदलावी लागली. मग तिनं रंगवलेल्या पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या आणि गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, हे तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे. मिळवल्यावर कमी कसं होईल?"

या एका प्रश्नापर्यंत यायला आम्हाला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत एकही उदाहरण सुटलं नाही, वहीचं पान कोरं राहिलं. पण माझ्या मते त्या सबंध महिन्यात झालेलं खरं गणित तेवढंच. याच मुलीला पाऊण तास म्हणजे किती मिनिटं विचारलं, तर पंचेचाळीस हे उत्तर तोंडावर होतं. ३/४ लिहून दाखवला की मात्र ती त्याला वर तीन आणि खाली चार अशा दोन सुट्या संख्या समजायची. बोलण्यातला पाऊण आणि वहीतला ३/४ एकच, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

दशांशाचं तसंच. ०.४५ आणि ०.६ मध्ये मोठं कोण? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण पंचेचाळीस सहापेक्षा मोठे. आपणही वाचताना 'पॉइंट पंचेचाळीस' असं बिनदिक्कत वाचतो, त्यानं ही समजूत आणखी पक्की होते. शून्य पूर्णांक चार पाच असं वाचलं तर निदान प्रत्येक अंकाचं स्थान वेगळं आहे, हे कानाला कळतं. याउलट काही मुलांची समजूत असते की चिन्हापुढे जितके जास्त अंक, तितकी संख्या लहान. ही मुलं ०.६ मोठं असं बरोबर सांगतात आणि पुढच्याच उदाहरणात ०.४५ पेक्षा ०.३ मोठं म्हणतात. म्हणजे पहिलं उत्तर बरोबर होतं, पण कारण चुकीचं. ही दोन्ही प्रकारची मुलं तुमच्या यादीत शेजारी शेजारी आहेत, दोघांना वीसपैकी सातच गुण आहेत आणि दोघांना वेगवेगळ्या गोष्टी शिकायच्या आहेत. गुणपत्रक हे सांगू शकत नाही. त्यासाठी मुलाला बोलतं करावं लागतं.

आठवीत समीकरणं आली की बरोबरच्या चिन्हाची गोष्ट उघडी पडते. ८ + ४ = □ + ५ या चौकटीत काय येईल, असं विचारून पाहा. कितीतरी मुलं १२ लिहितात. पहिलीपासून त्यांच्यासाठी या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिही' एवढाच राहिला आहे. दोन्ही बाजू सारख्या आहेत, हा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. अशा मुलाला २क्ष + ३ = ११ सोडवताना दोन्ही बाजूंतून तीन वजा करूया म्हटलं, तर त्याला ते पटणार कसं? त्याच्या दृष्टीनं डावीकडे प्रश्न आहे आणि उजवीकडे उत्तर. मग 'चिन्ह बदलून पलीकडे न्या' एवढा मंत्र उरतो. तो कधी चालतो, कधी चालत नाही, आणि का ते कळत नाही.

या वयात हे दुरुस्त होणं किती गरजेचं आहे, याचा चांगला पुरावा आहे. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या दीर्घकाळच्या नोंदी तपासल्या. दहा-बारा वर्षांच्या वयात ज्यांचे अपूर्णांक आणि भागाकार पक्के होते, त्यांचं पाच-सहा वर्षांनंतरचं बीजगणित आणि एकूण गणित चांगलं होतं. घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण, मुलाची बुद्धिमत्ता, हे सगळं हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला. म्हणून सहावीच्या मुलाला जादा तासात एकच गोष्ट देता येणार असेल, तर ती अपूर्णांकांची समज असावी, असं मला वाटतं. अभ्यासक्रमातलं सध्याचं प्रकरण कोणतंही असो.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी साधी आहे. यादीतल्या प्रत्येक मुलाला, जादा तास सुरू होण्याआधी, एकदा पंधरा-वीस मिनिटं एकट्याला द्या. आठ-दहा उदाहरणांचा एक कागद पुरे: हातच्याची एक वजाबाकी, दोन अंकी संख्येनं एक भागाकार, दोन अपूर्णांकांत लहानमोठं ठरवणं, दशांशांची एक जोडी, वर लिहिलेली चौकट, एक शाब्दिक उदाहरण. मुलानं सोडवायचं आणि सोडवताना बोलायचं. शिक्षकानं मध्ये दुरुस्त करायचं नाही. हे सर्वात अवघड आहे, कारण आपल्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाळीस मुलांसाठी हे काम दोन आठवड्यांचं आहे. ते दोन आठवडे वाया गेले असं कृपा करून समजू नका.

हल्ली यावर उपाय म्हणून मुलाला टॅबपुढे किंवा सरावपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे बसवायची पद्धत पडते आहे. प्रत्येकानं आपापल्या गतीनं पुढे जावं, पाहिजे तेवढे गुण मिळाले की पुढची पायरी. मला त्याची काळजी वाटते. १९७३ साली स्टॅन्ले एर्लवँगर यांनी अशाच, आपापल्या गतीनं पुढे जायच्या कार्यक्रमात शिकणाऱ्या सहावीतल्या एका मुलाशी बोलून जे लिहून ठेवलं, ते गणित शिक्षणाच्या अभ्यासात आजही सांगितलं जातं. त्या लेखात मुलाचं नाव बेनी आहे. तो पायऱ्या भराभर चढत होता, चाचण्यांत त्याला चांगले गुण होते, शिक्षिका समाधानी होती. प्रत्यक्षात २/१० हा अपूर्णांक दशांशात तो १.२ असा लिहीत होता: दोन आणि दहा मिळवायचे, बारा आले, मध्ये टिंब द्यायचं. गणित म्हणजे उत्तरपत्रिकेशी जुळणारं उत्तर शोधायचा खेळ, अशी त्याची समजूत झाली होती. इतकी वर्षं कुणी त्याला 'हे कसं केलंस?' एवढं विचारलं नव्हतं. यंत्र सरावाला जरूर वापरा. पण शेजारी माणूस हवं.

आता वेळेबद्दल. शाळा सुटल्यावर म्हणजे मुलाचे सहा-सात तास होऊन गेल्यावर. बाहेर मैदानावर त्याचे मित्र ओरडत असतात आणि आपण त्याला खिडकीत बसवून छेद आणि अंश सांगतो. त्याहून वाईट म्हणजे खेळाचा किंवा चित्रकलेचा तास काढून घेणं. ज्या मुलाला गणितात रोज मान खाली घालावी लागते, त्याला बहुधा त्याच एका तासात मान वर करता येते. तो घेऊ नका. जादा तास शाळेच्या वेळात, वेळापत्रकात छापलेला आणि शक्य तर दिवसाच्या पहिल्या अर्ध्या भागात असावा. शिकागोतल्या शाळांमध्ये दोन मुलांमागे एक शिकवणारा, रोज एक तासिका, तीही शाळेच्या वेळापत्रकातच, असा प्रयोग झाला. तो नववी-दहावीच्या, बराच मागे पडलेल्या मुलांवर होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात गणिताचे गुण वाढलेले आणि नापास होण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. आता उशीर झाला, म्हणून आपण ज्यांच्यावर पाणी सोडतो त्या वयाची ही मुलं.

दोन मुलांमागे एक माणूस आपल्याला परवडणार नाही, असं तुम्ही म्हणाल, आणि ते मला मान्य आहे. माझ्या अनुभवात पाच-सहा मुलांपर्यंत प्रत्येकाचा हात वहीवर कुठे थांबतो ते दिसतं. दहा झाली की दिसेनासं होतं. चाळीस मुलांचा जादा तास हा जादा वर्ग असतो, आणि वर्गात हरवलेलं मूल दुसऱ्या वर्गात सापडत नाही. माणसं कमी असतील तर सगळ्या मुलांना रोज बसवण्यापेक्षा सहा-सहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाला सहा आठवडे सलग द्या. गट इयत्तेप्रमाणे न करता धागा कुठे तुटला त्याप्रमाणे करा. सातवीचं आणि आठवीचं मूल अपूर्णांकांसाठी एकत्र बसलं तर काहीही बिघडत नाही.

शिकवणारी व्यक्ती गणितातली पदवीधरच हवी, असंही नाही. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांमध्ये झालेल्या 'बालसखी' उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी, थोडं प्रशिक्षण घेऊन, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज शाळेच्याच वेळात दोन तास बाजूला घेत आणि जिथे अडलं तिथून शिकवत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासानुसार मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. उपक्रम संपल्यावर वर्षभरानं मात्र त्या वाढीतला थोडाच भाग उरला होता. या दुसऱ्या गोष्टीकडे मी तुमचं मुद्दाम लक्ष वेधते. एक सत्र जादा तास घेऊन फाईल बंद केली की मूल पुन्हा निसटतं. सहा आठवड्यांनी तोच कागद पुन्हा सोडवून घ्या, तीन महिन्यांनी आणखी एकदा. पुढच्या घटक चाचणीच्या गुणांवर जादा तासाचा हिशेब करू नका. वजाबाकी नीट जुळली म्हणून लगेच भूमितीचे गुण वाढत नाहीत.

पाढ्यांबद्दल मला नेहमी विचारलं जातं. मी पाढ्यांच्या बाजूची आहे. सात आठे किती हे आठवायला ज्याला अर्धं मिनिट लागतं, त्याचा तेवढ्यात मूळ उदाहरणाचा धागा सुटतो. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या संशोधन संस्थेनं २००९ साली गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातही प्रत्येक तासिकेत सुमारे १० मिनिटं अशा पाठांतराच्या सरावाला द्यावीत असं म्हटलं आहे. दहा मिनिटं, अख्खा तास नव्हे. आणि उभं करून, सगळ्यांसमोर, घड्याळ लावून तर मुळीच नको. ॲशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ साली दाखवलं की गणिताच्या भीतीनं हिशेब करताना डोक्यात आकडे धरून ठेवायची जागाच अडते. घाबरलेल्या मुलाला येत असलेलं उत्तरही सापडत नाही. त्याला आणखी घाबरवून ते सापडणार नाही.

जादा तासाला जाणाऱ्या मुलाची वर्गातही पंचाईत होते. इकडे तो अपूर्णांक जुळवत असतो, तिकडे वर्गात अवयव पाडणं सुरू झालेलं असतं. यावर पुरता उपाय माझ्याजवळ नाही. एक गोष्ट मात्र मी करून पाहिली आहे: वर्गात नवं प्रकरण सुरू होण्याच्या आदल्या दिवशी या मुलांना त्याची दहा मिनिटांची ओळख करून द्यायची. दुसऱ्या दिवशी बाईंनी पहिला प्रश्न विचारला की यांच्यातला एखादा हात वर जातो. ज्याचा हात तीन वर्षं वर गेलेला नाही, त्याचा हात वर गेलेला वर्गानं पाहणं ही लहान गोष्ट नाही. यासाठी वर्गशिक्षक आणि जादा तास घेणारे यांनी आठवड्यातून एकदा तरी बोलायला हवं. तेवढा मोकळा वेळ त्यांना वेळापत्रकात द्या. आज हा तास सर्वात नव्या शिक्षकाच्या गळ्यात, बाकीचं काहीही कमी न करता, पडतो.

दोन-तीन मुलं अशी निघतील की सगळं करूनही त्यांना संख्येचा अंदाजच येत नाही. ७ आणि ९ मध्ये मोठं कोण, हेही त्यांना थांबून ठरवावं लागतं. डिसकॅल्क्युलिया नावाची अध्ययन अक्षमता असते. ती ओळखायचं काम तज्ज्ञांचं आहे. अशा मुलाच्या पालकांना बोलवून ते नीट समजावून सांगा. जादा तास वाढवत नेणं हा त्यावरचा उपाय नाही.

आणि ती यादी फलकावर लावू नका. वर्गात तिला 'ढ मुलांची यादी' म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. चिठ्ठी द्या, पालकांना फोन करा, मुलाला बाजूला घेऊन सांगा. ज्याचं काम झालं त्याला गटातून बाहेर पडता यावं, ज्याला हवं त्याला स्वतःहून येता यावं. चांगले गुण मिळवणारी एक मुलगी एकदा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली होती, मला भागाकार येतो, पण का येतो ते कळत नाही, मी बसू का? यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून मी तिला परत पाठवलं. ते मला अजून लागून राहिलं आहे.

त्या वजाबाकीच्या मुलाबरोबर मी पुढे काड्यांचे गठ्ठे घेऊन बसले. शंभराचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. आठ काड्या मागितल्या तर देणार कुठून? त्यानं शंभराचा एक गठ्ठा सोडला, त्याचे दहाचे दहा केले, त्यातला एक पुन्हा सोडला. तीन शंभर, नऊ दहा, बारा सुट्या. चौथ्या दिवशी त्यानं काड्यांना हात न लावता २२४ लिहिलं, मग माझ्याकडे न बघता खाली २२४ अधिक १७८ करून पाहिलं. ४०२ आले. मला वाटलं आता हसेल. त्यानं विचारलं, "म्हणजे बाई, मी तिसरीपासून चुकतच होतो?"

येत्या बैठकीत जादा तासांचं वेळापत्रक ठरायच्या आधी माझी एवढी विनंती मान्य करा. यादीतल्या कोणत्याही एका मुलाला तुमच्या खोलीत बोलवा, समोरच्या खुर्चीत बसवा, कोऱ्या कागदावर ४०२ वजा १७८ लिहून द्या आणि करताना मोठ्यानं बोलायला सांगा. त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये काही बोलू नका.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका